पुसलेल्या छायाचित्रांची बातमी

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

आमच्या घरी काळ्या जाड पानांचा एक जुना अल्बम आहे. त्यातल्या एका पानावर छायाचित्र नाही, फक्त ते अडकवायचे चार कागदी कोपरे चिकटवलेले आहेत. तिथे माझ्या आत्याच्या साखरपुड्याचे छायाचित्र होते. ते लग्न पुढे झाले नाही, कुणीतरी छायाचित्र काढून घेतले आणि कोपरे तसेच राहिले. पाहुण्यांना अल्बम दाखवताना ते पान आले की आई काही न बोलता पुढचे पान उलटत असे, आणि पाहुणेही शहाणे असत, विचारत नसत.

हे आठवायचे कारण म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगलीत ठरलेले आणि न झालेले एक लग्न. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत ४३४ धावा करून भारताकडून सर्वाधिक धावा करणारी स्मृती मानधना आमच्या गावची. त्याच मैदानावर संगीतकार पलाश मुच्छल यांनी तिला मागणी घातल्याची चित्रफीत २१ तारखेला सर्वांनी पाहिली. २३ तारखेला लग्न होते. त्या दिवशी तिच्या वडिलांची प्रकृती बिघडली, लग्न पुढे ढकलले गेले, आणि ७ डिसेंबरला दोघांनीही आपापल्या खात्यावरून लग्न रद्द झाल्याचे कळवले. कळलेली गोष्ट एवढीच आहे आणि माझ्या मते ती पुरेशी आहे. त्या काळात जे काही कानोकानी पसरले ते मी इथे लिहिणार नाही, आणि प्रतिसादांतही कुणी लिहू नये अशी आधीच विनंती करते.

मला बोलायचे आहे ते मधल्या चौदा दिवसांबद्दल. लग्न पुढे ढकलल्यावर तिच्या खात्यावरून लग्नाशी संबंधित चित्रफिती दिसेनाशा झाल्या आणि तीच बातमी झाली. त्यानंतर काय काय मोजले गेले पाहा: कोणत्या मैत्रिणीच्या खात्यावर अजून काय शिल्लक आहे, कोण कोणाला अनुसरते आहे आणि कोणी ते बंद केले, परिचयाच्या ओळीत निळ्या नजरमण्याचे चिन्ह कधी आले, आणि एका जाहिरातीच्या चित्रफितीत तिच्या बोटात अंगठी दिसते की नाही. तिची संघातली सहकारी जेमिमा रॉड्रिग्ज ऑस्ट्रेलियातली लीग अर्धवट सोडून मैत्रिणीजवळ थांबली, तर त्या थांबण्याचेही अर्थ लावले गेले. वडिलांच्या हृदयाची कोणती तपासणी झाली आणि तिच्यात काय निघाले, हे डॉक्टरांनी कॅमेऱ्यांसमोर सांगितले. त्यामागे घरच्यांची संमती असेलही, अफवा थांबवण्याचा हेतूही असेल, तरीही वधूपित्याच्या हृदयाचा आलेख सकाळच्या चहाबरोबर वाचण्याचे आम्हा वाचकांना काय कारण होते, हे मला अजून समजलेले नाही.

यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी कुणाच्या दारात छायाचित्रकार उभा राहावा लागला नाही. हे सगळे लोकांनी घरी बसून, जेवणानंतर अंगठा फिरवत केले, आणि मी स्वतःही एकदा ते खाते उघडून काय राहिले आहे ते पाहिले, हे कबूल करते. म्हणून ‘माध्यमे वाईट’ हे पालुपद मला पुरेसे वाटत नाही. पूर्वी खासगीपणा म्हणजे झाकून ठेवण्याचा हक्क असे आपण समजत होतो. प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत आता त्याहून साधा हक्क गेला आहे, तो म्हणजे एकदा आनंदाने दाखवलेली गोष्ट मुकाट्याने मागे घेण्याचा. दाखवलेल्या छायाचित्रापेक्षा पुसलेल्या छायाचित्राला आज जास्त वाचक आहेत.

मते वाचायला आवडतील.

नारायणपेठी

धागाकर्तीच्या भावना समजल्या, पण युक्तिवाद पटला नाही. प्रेमाची मागणी घालायला माणसे टेकडीवर जातात, देवळात जातात, फार तर हॉटेलात जातात. जगज्जेतेपद मिळवलेल्या मैदानावर मागणी घालून तिचे चित्रीकरण लाखो लोकांना दाखवायचे ठरवल्यावर, पुढचा अंक प्रेक्षकांनी पाहू नये अशी अपेक्षा कशी करता येईल? नाटक कंपनीने पडदा वर करायचा आणि दुसऱ्या अंकाला प्रेक्षकांना घरी जा म्हणायचे, असे होत नाही.

शिवाय ही खोड नवी नाही. ‘स्टारडस्ट’ मासिक १९७१ मध्ये निघाले आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर राजेश खन्नाने गुपचूप लग्न केले आहे का, हा प्रश्न होता. त्याच्या पहिल्या संपादिका शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे, आपल्या मराठी घरातल्याच. तेव्हा आपले आईवडील ते केशकर्तनालयात बसून वाचत होते. आज आपण भ्रमणध्वनीवर वाचतो. साधन बदलले, एवढेच.

कृष्णाकाठ

नारायणपेठी, नाटकाची उपमा घ्यायचीच तर पुरी घ्या. तिकीट काढलेला प्रेक्षक दुसऱ्या अंकापर्यंत खुर्चीत बसतो. तो पडदा पडल्यावर रंगपटात शिरून नायिकेच्या पेटीतले दागिने मोजत नाही. आणि केशकर्तनालयातले मासिक महिनाभराने रद्दीत जात होते, हा फरक मला तरी ‘एवढेच’ म्हणण्याइतका छोटा वाटत नाही.

कलम आणि कागद

वकिली करतो, म्हणून थोडी कायद्याची बाजू. प्रतिसाद लांबणार आहे.

नारायणपेठींचे म्हणणे, म्हणजे ‘तुम्हीच दाखवले, आता तक्रार कसली’, हे आपल्या नव्या कायद्याने जवळजवळ शब्दशः स्वीकारले आहे. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ३ नुसार, जी वैयक्तिक माहिती त्या व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केली आहे तिला हा कायदा लागूच होत नाही. कलमाखाली उदाहरणही दिले आहे, एका बाईचे: तिने आपली मते लिहिताना स्वतःची माहिती समाजमाध्यमावर उघड केली आहे, सबब हा कायदा लागू नाही. तिने ती माहिती दुसऱ्या दिवशी पुसली तर काय, यावर कलम गप्प आहे. माहिती एक तर खासगी किंवा सार्वजनिक, अशा दोनच खणांत कायद्याने संसार मांडला आहे, आणि ‘मागे घेतलेली’ असा तिसरा खण त्यात नाही. या कायद्याचे नियम योगायोगाने त्याच नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक मुख्य तरतुदी अमलात यायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे.

घटनेची बाजू मात्र याहून उदार आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण तो जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेला असतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच निकालात न्या. संजय किशन कौल यांनी स्वतंत्रपणे लिहिताना म्हटले आहे की माणसे विसरतात, पण इंटरनेट विसरत नाही आणि माणसांनाही विसरू देत नाही. धागाकर्तीच्या अल्बमाच्या पानाला याहून जवळचे वाक्य मला कायद्याच्या पुस्तकांत माहीत नाही. अडचण अशी की मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचा असतो. शेजारच्या काकूंनी अंगठी शोधायला चित्र मोठे करून पाहिले, तर त्यांच्याविरुद्ध घटनेचे कोणते कलम लावणार?

युरोपात या प्रश्नाचा कीस आधीच पाडला गेला आहे. मोनॅकोची राजकन्या कॅरोलिन बाजारात जाते, घोड्यावर बसते, अशी छायाचित्रे जर्मन मासिके छापत होती. २४ जून २००४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की प्रसिद्ध व्यक्तीच्या रोजच्या जगण्याची ही चित्रे सार्वजनिक हिताच्या कुठल्याही चर्चेत भर घालत नाहीत, सबब तिच्या हक्काचा भंग झाला. पण २०१२ मध्ये त्याच कॅरोलिनच्या दुसऱ्या दाव्यात न्यायालयाने वेगळा कौल दिला. तिचे सुटीतले छायाचित्र तिचे वडील, राज्यकर्ते राजपुत्र रेनिए, यांच्या आजारपणाच्या बातमीबरोबर छापले होते, आणि राज्यकर्त्याचे आजारपण हा सार्वजनिक महत्त्वाचा विषय ठरतो, म्हणून भंग झाला नाही. आता हीच कसोटी सांगलीला लावून पाहा. वडील आजारी आहेत, पण ते राज्यकर्ते नाहीत, त्यांच्या आजारावर कुणाचा कारभार अवलंबून नाही. ते फक्त प्रसिद्ध मुलीचे वडील आहेत.

डार्करूम

मी दादरच्या एका दैनिकात छायाचित्रकार होतो, आता निवृत्त आहे. आमच्या जमातीवर इथे अजून फारशी टीका झाली नाही याचे आश्चर्य वाटले, म्हणून मीच सुरुवात करतो.

आमच्या वेळी एका रोलमध्ये छत्तीस चित्रे येत. छत्तीस म्हणजे हिशेब. समारंभाला गेलो तर वीस तिथेच संपत, उरलेल्या सोळांत घरी परतेपर्यंतचे शहर मावले पाहिजे. नायिका गाडीत बसताना रडवेली दिसली तरी बटण दाबण्यापूर्वी हात थांबायचा. त्यात सभ्यता किती आणि काटकसर किती, हे मी आज प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. आता फिल्म संपत नाही, त्यामुळे हातही थांबत नाही.

व्यायामशाळेच्या दारात आणि विमानतळावर उभी असणारी जी मुले आहेत, त्यांतल्या एकदोघांना मी ओळखतो. ‘स्पॉट’ झाली म्हणून जे छापून येते त्यातले बरेचसे ठरवून झालेले असते. प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसाचा आधी निरोप येतो, गाडी कुठल्या दाराने येणार तेही कळते. त्यामुळे नारायणपेठींचा मुद्दा अगदीच निराधार नाही, या धंद्यात दोन्ही बाजूंची मीठभाकरी आहे. पण ठरलेल्या व्यवहारालाही उंबरठा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट्ट आपल्या घरातल्या बैठकीच्या खोलीत बसली होती आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दोघांनी लांब पल्ल्याच्या लेन्सने तिची छायाचित्रे टिपली. तिने ते जाहीर करताना मुंबई पोलिसांनाही उल्लेखून लिहिले. ते पाहून मला, इतकी वर्षे कॅमेरा गळ्यात घालून फिरलेल्या माणसाला, शरम वाटली. विमानतळावर हात हलवणे म्हणजे घराच्या खिडकीची परवानगी नव्हे, एवढे या धंद्यात शिकाऊ मुलालाही समजायला हवे.

उलट उदाहरणही सांगतो. अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांची मुलगी ११ जानेवारी २०२१ रोजी जन्मली. बाळाची छायाचित्रे काढू नका, अशी विनंती त्यांनी केली आणि मुंबईतल्या बहुतेक छायाचित्रकारांनी ती वर्षभर पाळली. मग जानेवारी २०२२ मध्ये केपटाऊनच्या मैदानावर कोहलीचे अर्धशतक झाले, त्याने बॅट झुल्यासारखी हलवून दाखवली, आणि थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा प्रेक्षागृहातल्या आईच्या कडेवरच्या मुलीवर गेला. ती काही सेकंदांची चौकट होती. दिवस मावळायच्या आत ती स्थिरचित्रे होऊन सगळीकडे पोहोचली. आपल्याला कल्पना नव्हती आणि आपली भूमिका तीच आहे, असे आईवडिलांना पुन्हा लिहावे लागले. ज्यांना पापाराझी म्हणून नावे ठेवतात त्यांनी शब्द पाळला, आणि ती चौकट टिपून पसरवणारे सगळे सभ्य क्रिकेटप्रेमी होते.

अवांतर: ‘पापाराझी’ हा शब्द फेलिनीच्या १९६० च्या चित्रपटातल्या पापाराझो नावाच्या छायाचित्रकारावरून आला. आडनाव झाले जातीवाचक.

[हा प्रतिसाद संपादक मंडळाने काढून टाकला आहे.]

रातराणी

डार्करूम काका, कोहलीच्याच बाबतीत पुढचे पाऊलही पडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थच्या हॉटेलातल्या त्याच्या खोलीत, तो नसताना, कुणीतरी शिरून चित्रीकरण केले. बूट, टोप्या, औषधांच्या बाटल्या, देवाची मूर्ती, सगळे दाखवले. स्वतःच्या खोलीतही खासगीपणा मिळणार नसेल तर तो मिळणार कुठे, असा त्याचा प्रश्न होता. ती चित्रफीत करणाऱ्याला तो भक्तीचाच भाग वाटला असणार.

तरीही मला वाटते की आपण इथे तुलनेने सुखरूप माणसांबद्दल बोलत आहोत. ज्यांना निवेदन द्यायला खाते आहे, लाखो पाठीराखे आहेत आणि पुढच्या सामन्यात बॅट हातात घेता येते. रिया चक्रवर्तीचे काय झाले ते आठवा. सुशांतसिंह राजपूतचे १४ जून २०२० रोजी निधन झाले आणि महिनाभरात प्रेयसी हा शब्द आरोपी या अर्थाने वापरला जाऊ लागला. तिचे व्हॉट्सअॅपवरचे संभाषण दूरचित्रवाणीवर रात्री नऊ वाजता मोठ्या अक्षरांत वाचून दाखवले गेले. संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाहीत हे खरे, पण फोन तपासयंत्रणेच्या हाती गेला किंवा त्याची प्रत कुठे साठवलेली असली, की कुलूपबंद टपालाचा काही उपयोग राहत नाही. टपाल फोडावे लागत नाही, पेटीच उचलून नेता येते. ८ सप्टेंबरला तिला अटक झाली, ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने माध्यमांच्या समांतर खटल्यांवर ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तेव्हा ती बातमी माझ्या कुटुंबाच्या गटावर एकानेही पाठवली नाही. २०२० मध्ये तिथे दिवसाला दहा संदेश येत होते. मी मोजले नव्हते, पण वाचले होते.

सोनचाफा

उडवलेल्या प्रतिसादात काय होते? मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. कुणी वाचला असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

नारायणपेठी

सोनचाफाताई, मी वाचला होता. आपल्या मंडळाने उडवला ते बरेच केले. व्यनि करणार नाही.

रातराणी यांचे उदाहरण मान्य. तिथे माझी नाटकाची उपमा चालत नाही, कारण ती व्यक्तिगत पत्रे होती, कुणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती. मात्र दोन्ही प्रकरणे एकाच मापाने मोजू नयेत. स्वतः होऊन दाखवलेले आणि ओरबाडून घेतलेले यांत अंतर राहू द्या. प्रसिद्धीतून येणारा जाहिरातींचा पैसा घ्यायचा आणि प्रसिद्धीबरोबर येणारी नजर नाकारायची, हे मला अजूनही पटत नाही.

इंदूमावशी

मी फारशी लिहीत नाही, वाचत असते. एक घरचेच सांगते. माझ्या भाचीचे गेल्या वर्षी ठरले होते. सुपारी फुटल्यावर तिने व्हॉट्सअॅपच्या स्थितीवर चार छायाचित्रे लावली, खात्यावर जोडीचे चित्र ठेवले. दोन महिन्यांनी दोघांनी समजुतीने थांबायचे ठरवले. भांडण नाही, देणेघेणे नाही. तिने रात्री अकरा वाजता जोडीचे चित्र काढून आपले जुने, कॉलेजच्या ओळखपत्राचे लावले. सकाळी सातला मी दुधाची पिशवी कापत होते तेव्हा पहिला फोन आला, माझ्या चुलत जावेचा. विचारपूस नाही, नमनाला तेल नाही, “अहो इंदूताई, चित्र का बदललं पोरीनं?” दुपारपर्यंत अशा नऊ जणी झाल्या. भाची दहा दिवस सुटी घेऊन घरात बसली. तिला कुणी जाहिरातीचे पैसे दिले नव्हते, नारायणपेठी.

विशेष म्हणजे मलाही ते चित्र बदललेले रात्रीच दिसले होते. मी फोन केला नाही, पण झोप लागेपर्यंत तिचे खाते तीनदा उघडून पाहिले.

कलम आणि कागद

मावशींचा प्रतिसाद वाचून थांबलो. एक दुरुस्ती माझ्याच प्रतिसादाला: वर शेजारच्या काकूंचा उल्लेख मी विनोदाने केला होता, पण घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी कुणी माहिती हाताळली तर तिलाही तो २०२३ चा कायदा लागू नाही. म्हणजे त्या नऊ जणी कायद्याच्या पूर्णपणे बाहेर आहेत.

नारायणपेठी

मावशी, तुमच्या भाचीबाबत माझे काही म्हणणे नाही. दाखवणे आणि विकणे यांत फरक आहे, तो मी केला नव्हता.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. मंडळाला एक विनंती आहे. काढून टाकलेल्या प्रतिसादातला मजकूर माझ्या व्यनिपेटीत तीन सदस्यांनी, ‘तुम्हाला माहीत असावे म्हणून’, पाठवला आहे. त्यात एका चौथ्याच, कुठेही प्रसिद्ध नसलेल्या मुलीचे नाव आहे. शिवाय तो उद्धृत करून लिहिलेला आणखी एक प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर, ‘आज काय वाचले’मध्ये, अजून दिसतो आहे. तोही काढावा.

संपादक मंडळ

काढला आहे. त्या धाग्यावर ‘काय काढले?’ असे विचारणारे सहा प्रतिसाद आले आहेत, तेही काढत आहोत.